एक मला, एक गाडीला

कामिकात्सू (जपान)

या गावात कचरागाडी फिरत नाही. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात, डोंगराच्या कुशीत वसलेलं हे गाव. वस्ती जेमतेम दीड हजाराच्या आतबाहेर, त्यातले निम्म्याहून जास्त लोक पासष्टी ओलांडलेले. २००३ साली गावानं शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. आपला कचरा आपणच केंद्रावर न्यायचा आणि चाळीसहून जास्त प्रकारांत निवडून ठेवायचा, असा इथला शिरस्ता. परवा तिथं एक आजी पुठ्ठ्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी नखानं सोलत बसल्या होत्या. ओसाकातल्या मुलानं ऑनलाइन मागवून दिलेल्या राइस कुकरचा तो खोका. “वस्तू दारात येते हो, खोका मात्र मलाच पोचवावा लागतो,” आजी म्हणाल्या.

यावरून आजी इंटरनेटला बिचकतात असं समजू नका. पिशवीत त्यांचा टॅब्लेट होता आणि त्यावरच त्यांचा धंदा चालतो. १९८१च्या फेब्रुवारीत पडलेल्या कडाक्याच्या थंडीनं इथल्या संत्र्याच्या बागा होरपळून गेल्या. पुढे शेतकी सहकारी संस्थेतल्या तोमोजी योकोइशींना ओसाकातल्या एका उपाहारगृहात एक मुलगी ताटातलं मेपलचं पान कौतुकानं जपून ठेवताना दिसली. १९८६पासून गावातल्या बायका जपानी ताटाच्या सजावटीला लागणारी पानं-फुलं विकू लागल्या. आधी मागणी फॅक्सवर यायची, मग संगणकावर, आता टॅब्लेटवर. मागणी झळकली की आधी बोट टेकवेल त्याची ती. विक्रीत आज आपण कितव्या, तेही पडद्यावर दिसतं. ऐंशीच्या घरातल्या बाया हा आकडा किती ईर्षेनं बघतात, ते पाहण्यासारखं आहे.

विकण्यात एवढ्या तरबेज असलेल्या या आजी भाजी, मासे, टोफू मात्र ऑनलाइन घेत नाहीत. जपानी खेड्यांतली दुकानं एकामागून एक बंद पडली. वय झाल्यावर मोटार चालवणं सुटलं की बाजार हाताबाहेर जातो. अशा माणसांना इथं ‘काइमोनो नानमिन’ म्हणतात, म्हणजे खरेदीचे निर्वासित. शहरातल्या माणसाला वाटेल, मोबाइल असताना कसली अडचण? पण याच तोकुशिमा प्रांतात २०१२ साली ‘तोकुशिमारू’ नावाचं फिरतं दुकान सुरू झालं आणि देशभर पसरलं. छोट्या ट्रकमध्ये सुपरमार्केटचा माल भरायचा आणि दारोदार फिरायचं. प्रत्येक वस्तूमागे दहा-वीस येन जास्त पडतात आणि लोक ते खुशीनं देतात. ट्रकवाला गिऱ्हाइकाच्या गुडघ्याची चौकशी करतो आणि एखादी म्हातारी दिसली नाही तर दार ठोठावतो. गावात जुनं दुकान तग धरून असेल, तर त्याच्या आसपास हा ट्रक उभा राहत नाही. गावाच्या व्यवहारातली अदब या धंद्यानं नियमातच बसवली आहे.

घरबसल्या नोकरी करणाऱ्यांनाही या अदबीचीच कसोटी. डोंगरापलीकडचं कामियामा त्यासाठी नावाजलेलं. तिथं वेगवान इंटरनेट आलं ते टीव्हीच्या पायी! ओसाकाकडच्या वाहिन्यांची प्रक्षेपणं इथल्या अँटेनावर दिसत. २०११ साली डिजिटल प्रसारणामुळे ती दिसेनाशी होणार, म्हणून प्रांतानं आधीच गावोगाव ऑप्टिकल फायबर नेलं. २०१०मध्ये तोक्योच्या ‘सानसान’ कंपनीनं तिथल्या जुन्या घरात कार्यालय थाटलं. नदीत पाय सोडून लॅपटॉपवर काम करणारा तरुण टीव्हीवर झळकला आणि मागोमाग इतर कंपन्या आल्या. २०११ साली गाव सोडणाऱ्यांपेक्षा गावात येणारे जास्त निघाले.

पण गावकऱ्यांना विचारा, ते लॅपटॉपवाल्यांआधी बेकरीवाल्याची गोष्ट सांगतील. रिकाम्या घरांत कोण हवं, जसं की बेकरीवाला, हे तिथल्या ‘ग्रीन व्हॅली’ संस्थेनं आधी ठरवलं आणि तो तो कसबी माणूस शोधला. लॅपटॉपवाल्याबद्दल एका आजोबांचं मत विचारलं. ते म्हणाले, “दिवसभर पडद्याशी काय बोलतो, मला कळत नाही. रस्त्याकडेचं गवत कापायला येतो, तेवढं कळतं.” मला कोकणातली कुलूपबंद घरं आठवली. तिथंही चाकरमानी गणपतीला येतो की नाही, यावरच गावाचं त्याच्याविषयीचं मत ठरतं.

ऑनलाइन खरेदीची दुसरी बाजूही आता दिसू लागली आहे. एप्रिल २०२४पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. चालकांच्या तब्येतीच्या दृष्टीनं ते योग्यच झालं, पण एका पार्सलसाठी घाट चढणं कंपन्यांना जड जाऊ लागलं. गाडी यायची तर घाटात तिला गिऱ्हाईक हवं, हे हिशेब न शिकता इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

निघायच्या दिवशी आजींच्या वाडीवर फिरत्या दुकानाचा भोंगा वाजला. आजींनी टोपलीत टोफूचे दोन डबे ठेवले. मी म्हटलं, “एकट्याच राहता ना, दोन कशाला?”

पैसे मोजत त्या म्हणाल्या, “एक मला, एक गाडीला. रिकामी गेली तर पुढच्या वेळी कशाला येईल?”