धक्का झेलतो कोण?

उभ्या असलेल्या मोटारीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोराने खाली दाबा आणि झटकन सोडून द्या. चांगली गाडी वर येते, किंचित खाली बसते आणि स्थिर होते. एखादी जुनी गाडी मात्र तीनचार वेळा वरखाली डुलत राहते. मिस्त्री लगेच सांगतो, “शॉकअप गेलेत!” शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर; शब्दशः अर्थ, धक्का शोषून घेणारा. पण गंमत अशी, की या नावाने आपली थोडी फसगतच होते.

रस्त्याचा धक्का मुख्यतः झेलते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते, त्यामुळे धक्का एकदम वरच्या सांगाड्यापर्यंत पोचत नाही. परंतु घेतलेली ऊर्जा स्प्रिंग स्वतःजवळ ठेवीत नाही, ती लगेच परत करते. मग गाडी वर जाते, पुन्हा खाली येते, आणि ही आंदोलने चालू राहतात.

थोडा हिशेब करू या. समजा, गाडीचा एका चाकावर येणारा भाग २५० किलोग्रॅमचा आहे आणि स्प्रिंग १ सें.मी. दाबायला १६० न्यूटन बल लागते. म्हणजे मीटरला १६,००० न्यूटन. आंदोलनकाल = २π√(२५० ÷ १६,०००). वर्गमूळ बरोबर १/८ येते. म्हणून आंदोलनकाल सुमारे ०.७९ सेकंद. गाडी स्थिर पातळीपासून ५ सें.मी. खाली दबली, तर आंदोलनाची ऊर्जा ½ × १६,००० × (०.०५)² = २० जूल. हे २० जूल कोठेतरी खर्च झाले पाहिजेत. नाही तर पहिले डुलणे थांबण्यापूर्वीच पुढचा खड्डा येईल!

टांग्याला पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. तेथे पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात ही ऊर्जा खर्च होते. वेगवान मोटारीला एवढ्याने भागत नाही.

तेलाची करामत

रंगपंचमीची पिचकारी पाण्याने भरा. दांडा हळू ढकला; तो सहज सरकतो. आता जोराने ढकला. हाताला केवढा तरी विरोध जाणवतो. बारीक छिद्रातून पाणी जितक्या वेगाने काढू पाहाल, तितका विरोध जास्त. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद असलेली तेलाची पिचकारीच. नळकांड्यात तेल असते आणि त्यात सरकणाऱ्या दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वरखाली झाले की तेल या छिद्रांतून घुसते, घर्षणाने तापते आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णता बनून हवेत जाते. झडपांची योजना अशी असते, की दबताना विरोध कमी आणि ताणले जाताना जास्त व्हावा. त्यामुळे उंचवट्यावर चाक चटकन वर सरकते, पण दबलेली स्प्रिंग गाडीला उसळवू शकत नाही.

झिजल्यावर काय होते?

दट्ट्याचा दांडा जेथून बाहेर येतो तेथील रबरी सील झिजले की तेल पाझरते. बाहेरून नळकांडे तेलकट व धुळीने माखलेले दिसते. बिघाड केवळ हादऱ्यांपुरता नसतो. चाक रस्त्यावरून क्षणभर उचलले गेले, तर त्या क्षणी ब्रेकही उपयोगी नाही आणि सुकाणूही नाही. कारण दोन्ही काम करतात ती टायर व रस्ता यांच्या घर्षणाच्या जोरावर. टायरही जागोजागी खोलगट झिजतात.

घरी बदलता येतो का?

जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये येतो. तेथे पाट्यांची स्प्रिंग वेगळी आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगळा असतो. त्याचे वरचे टोक सांगाड्याला व खालचे आसाला जोडलेले असते. जीप उंच असल्याने बहुधा उचलावीही लागत नाही. सपाट जागा पाहून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे. नवा शॉक ॲब्सॉर्बर उभा धरून काही वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे तेलात अडकलेली हवा वर निघून जाते. एका आसावरची जोडी एकदमच बदलावी. नाही तर एक चाक लवकर शांत होईल आणि दुसरे नाचत राहील. टोकांच्या रबरी बुशांचे नट शेवटी आवळावेत तेही गाडीचा भार चाकांवर असताना, नाही तर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते.

गाडी उचलावीच लागली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो. पेलून धरण्यासाठी सांगाड्याखाली भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात.

आजच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची रचना मात्र वेगळी आहे. तिला अमेरिकन अभियंता मॅकफर्सन याचे नाव आहे. तीत स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच बसवलेली असते आणि चाके उचलल्यावरही ती दबलेलीच राहते. वरचा मधला नट सोडला, की ती साठलेली ऊर्जा एका क्षणात मोकळी होते व स्प्रिंग गोळीसारखी सुटू शकते. असे अपघात जिवावर बेतू शकतात. हे काम स्प्रिंग आवळून धरणारे खास साधन असलेल्या मिस्त्रीकडेच द्यावे.

आता एक प्रश्न. खडबडीत रस्त्यावरून आल्याबरोबर अनुभवी मिस्त्री चारही शॉक ॲब्सॉर्बरना जपून हात लावून पाहतो. तीन कोमट लागतात, एक थंड. यांपैकी निकामी कोणता, आणि का? वरील २० जूल कोठे गेले ते आठवा, म्हणजे उत्तर सापडेल.