चार्जर भिंतीवर, अटी कागदावर

हैदराबादच्या जुन्या मध्यमवर्गीय वस्त्यांत विद्यानगरचे नाव येते. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला नल्लाकुंटा आणि मध्ये दुर्गाबाई देशमुख रुग्णालय. इथल्या बैठ्या घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या. खाली स्टिल्ट पार्किंग, जिन्यालगत मीटरचा बोर्ड आणि बहुतेक फ्लॅटमध्ये एक इन्व्हर्टर, अशी त्यांची साधारण रचना असते. आता त्याच पार्किंगमध्ये विजेवरच्या स्कूटर आणि मोटारी उभ्या राहू लागल्या आहेत.

या बदलाला सरकारचेही पाठबळ आहे. तेलंगणाने ऑक्टोबर २०२० मध्ये जे धोरण जाहीर केले, त्याच्या नावातच इलेक्ट्रिक वाहनांच्या जोडीने ऊर्जा साठवणुकीचा उल्लेख आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने इलेक्ट्रिक वाहनांचा रस्ता कर आणि नोंदणी शुल्क ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत माफ केले. गाडी घेताना पावती, नोंदणी, विमा अशी सगळी कागदपत्रे रीतसर होतात. तिचा चार्जर किंवा घराची बॅटरी बसवण्याचे काम मात्र पुष्कळदा फोनवरचे बोलणे, मोबाइलवर आलेले दोन ओळींचे कोटेशन आणि हातावर ठेवलेला अ‍ॅडव्हान्स एवढ्यावर सुरू होते. लाखाच्या घरात जाऊ शकणाऱ्या आणि थेट घराच्या वायरिंगला हात घालणाऱ्या कामासाठी एवढा विश्वास पुरेसा नाही.

कायद्याच्या दृष्टीने तोंडी करारही करारच असतो. १८७२ चा भारतीय करार कायदा सर्वसाधारण व्यवहारात लेखी कागदाची सक्ती करत नाही. अडचण येते ती पुराव्याची. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ नेमकी कशाची होती, ‘सगळे धरून’ सांगितलेल्या रकमेत केबल आणि अर्थिंग होते की नव्हते, हे वाद उभा राहिल्यावर सिद्ध कसे करणार?

छतावरच्या सौर पॅनेलबाबत हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तिच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील कराराचा नमुनाही आहे आणि विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. पण अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही. बॅटरी नसलेली साधी ग्रिडजोड यंत्रणा वीज गेल्यावर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडते, हेही अनेकांना पॅनेल बसल्यावरच कळते. मग बॅटरीचा आणि पुढे चार्जरचा वेगळा व्यवहार होतो. त्या व्यवहारात असा तयार नमुना ग्राहकाच्या हाती येत नाही. तो कागद त्याने स्वतः मागून घ्यावा लागतो.

त्या कागदावर सर्वांत आधी जागा लिहावी. याचे कारण याच शहराने पाहिले आहे. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादमध्ये एका लॉजच्या इमारतीत खाली असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर भरला आणि आठ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निजामाबादला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक वृद्ध दगावले. देशभरातील अशा आगींनंतर केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटरींचे सुरक्षा निकष कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. ज्या इमारतीला एकच जिना आहे, तिथे त्या जिन्याखाली बॅटरी किंवा चार्जर बसवणे म्हणजे सगळ्यांची सुटकेची वाट धोक्यात घालणे. म्हणून जागेचा साधा नकाशा कराराला जोडावा. हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. त्यामुळे ऊन टाळणे आणि हवा खेळती राहणे, दोन्हींचा विचार जागा ठरवतानाच व्हायला हवा.

दुसरी बाब वायरिंगची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर हवे, गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला तर पुरवठा तोडणारे संरक्षण हवे आणि एक्स्टेन्शन कॉर्ड वापरायची नाही. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हायला हवे. करारात त्याचा परवाना क्रमांक, केबलची जाडी आणि मेक, एमसीबी-आरसीसीबीचे रेटिंग, स्वतंत्र अर्थिंग आणि काम संपल्यावरचा चाचणी अहवाल या गोष्टी नावानिशी लिहिलेल्या असाव्यात. ‘चांगल्या दर्जाची वायर’ या शब्दांना तक्रारीच्या वेळी काही अर्थ उरत नाही.

क्षमतेचे आकडे नीट समजून घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १.८ युनिट वीज साठवते, पण वापरता येते त्याहून कमी. म्हणून करारात एकूण आणि वापरण्याजोगी अशा दोन्ही क्षमता हव्यात. ३० युनिटची बॅटरी असलेली मोटार ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर रिकामी असल्यास नऊ-दहा तास घेते. ७.४ किलोवॉटचा चार्जर हा वेळ निम्म्याहून कमी करतो, पण तो ३२ अँपिअर ओढतो. घराचा मंजूर लोड त्याला पुरेसा नसेल तर तो वाढवावा लागतो. वीज कंपनीकडे अर्ज कोण करणार, शुल्क आणि अनामत कोण भरणार आणि मंजुरी मिळाली नाही तर अ‍ॅडव्हान्सचे काय, हे आधीच ठरवायला हवे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने मोटार असलेल्या घराने हा पर्याय जरूर तपासावा. पार्किंग सामायिक असेल तर अपार्टमेंट असोसिएशनची लेखी संमतीही कराराला जोडावी.

वॉरंटी एक नसते, निदान तीन असतात: बॅटरीची, इन्व्हर्टर किंवा चार्जरची आणि बसवण्याच्या कामाची. पहिल्या दोन उत्पादकाच्या, तिसरी ठेकेदाराची. बॅटरीच्या वॉरंटीत मोफत बदलून मिळण्याचा काळ किती आणि त्यानंतर वापराच्या प्रमाणात पैसे कापून मिळण्याचा काळ किती, हे वेगवेगळे लिहावे. लिथियम बॅटरी असेल तर ठरावीक वर्षांनी किंवा चार्जिंगच्या ठरावीक सायकलनंतर किती टक्के क्षमता उरायला हवी, तो आकडाही हवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटरींच्या संकलनाची आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे जुनी बॅटरी कोण नेणार आणि तिचे किती पैसे वळते करणार, तेही त्याच कागदावर यावे.

पैसे टप्प्याने द्यावेत: थोडा अ‍ॅडव्हान्स, माल पोचल्यावर काही भाग आणि चाचणी होऊन कागदपत्रे मिळाल्यावर उरलेली रक्कम. रक्कम जीएसटीसह आहे का, काम किती दिवसांत संपेल आणि उशीर झाल्यास भरपाई किती, या तीन ओळी विसरू नयेत. ऑस्ट्रेलियात सौर यंत्रणा, घरगुती बॅटरी आणि वाहन चार्जर या तिन्हींसाठी विक्रेत्यांची एकच ग्राहक आचारसंहिता आहे आणि लेखी करार हा तिचा भाग आहे. तसे इथेही व्हायला हवे. तेलंगणाने आणि महाराष्ट्रानेही सौर कराराच्या धर्तीवर बॅटरी आणि चार्जरचा सोपा नमुना स्थानिक भाषांत उपलब्ध करून द्यावा.

तोवर ग्राहकाच्या हाती २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. ग्राहकाचे एकतर्फी नुकसान करणाऱ्या अटींना हा कायदा ‘अनुचित करार’ ठरवतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चार्जर किंवा बॅटरी घेण्याच्या विचारात असलेल्यांनी अ‍ॅडव्हान्स देण्याआधी ठेकेदाराकडून सहीचा करार घ्यावा आणि त्याची एक प्रत वीजबिलांच्या फाइलमध्ये लावून ठेवावी.