वडगावची लढाई : समज आणि वस्तुस्थिती

माण-हिंजवडीच्या उत्तरेला, मावळातल्या वडगावात जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेली इंग्रजी फौज अडकली. या मोहिमेविषयीचे काही पक्के गैरसमज :

समज : ही गोऱ्यांची फौज होती.
वस्तुस्थिती : बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानीच होते. शिवाय पेशवाईवर हक्क सांगणारे रघुनाथराव सोबत होते.

समज : एकाच घनघोर लढाईत निकाल लागला.
वस्तुस्थिती : मराठ्यांनी वाटेतला चारा-दाणा जाळला, घाटाकडची रसद तोडली. इंग्रजांनी तळेगाव गाठलं, तर गाव ओस. मग ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली. महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना वडगावात घेरलं आणि तह करायला भाग पाडलं.

समज : 'इष्टुर फाकडा' वडगावात पडला.
वस्तुस्थिती : 'इष्टुर' म्हणजे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट; तो ४ जानेवारीलाच कार्ल्याजवळ मारला गेला. शत्रूलाही 'फाकडा' म्हणणारी दाद मात्र मराठीच.

समज : वडगावच्या तहाने युद्ध संपलं.
वस्तुस्थिती : इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तह धुडकावला. युद्ध थांबलं ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने. वडगावात परत द्यायचं कबूल केलेली साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.