नवा कॅमेरा, जुने सल्ले

नवा कॅमेरा घेतला की दुकानदारापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचा पहिला सल्ला एकच असतो: "आधी बॅटरी आठ तास चार्जिंगला लाव, मगच कॅमेरा सुरू कर." दुसराही ठरलेला, "पूर्ण संपल्याशिवाय पुन्हा चार्ज करू नकोस." हेतू चांगलाच असतो. पण हे सल्ले ज्या बॅटऱ्यांसाठी होते, त्या कॅमेऱ्यांतून कधीच गेल्या.

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला एक खोड होती. दर वेळी अर्धवट वापरून ती चार्ज केली, की पुढे त्याच टप्प्यावर ती मान टाकायची. लोक याला बॅटरीची 'मेमरी' म्हणत. तिला अधूनमधून रिकामी करण्यात तेव्हा अर्थ होता. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि आज जवळपास प्रत्येक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यात तीच असते. तिची तऱ्हा वेगळी. अर्धी असताना चार्ज केली तरी तिचं काही बिघडत नाही. चार्जर प्रत्येक सेल साधारण ४.२ व्होल्टपर्यंत भरतो आणि थांबतो. चार्जिंग पूर्ण झाल्याचा दिवा दिसला की काम झालं. पुढचे तास फुकट.

उलट तिला वारंवार ठणठणीत रिकामी करणंच नुकसानीचं. रिकामी बॅटरी कपाटात महिनोन्महिने पडून राहिली तर व्होल्टेज इतकं खाली जातं, की आतलं संरक्षक सर्किट तिला बंद करतं आणि चार्जरही तिला ओळखत नाही. पूर्ण भरून ठेवणंही बरं नव्हे. लग्नसराई संपली, कॅमेरा आता दिवाळीलाच निघणार, तर बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून, कॅमेऱ्यातून काढून, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी. तिचा खरा वैरी उष्णता. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कॅमेऱ्याची बॅग विसरणं हे शंभर वेळा 'चुकीचं' चार्जिंग करण्यापेक्षा वाईट. म्हणून काही जण बॅटरी फ्रिजमध्ये ठेवतात. तीही अतिशहाणपणाचीच गोष्ट. बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

थंडीचा प्रकार निराळा. लडाखला गेलेली मंडळी सांगतात, सकाळी सकाळी बॅटरी 'मेली'. ती बहुधा मेलेली नसते. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेरा बॅटरी संपल्याचं दाखवतो. जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावी. ऊब मिळाली की बरंचसं चार्जिंग परत दिसतं.

खरेदी करताना मेगापिक्सेलचा आकडा सगळे विचारतात. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० बिंदू; त्यातून २० बाय १३ इंचांची सुबक प्रिंट निघते. घरी एवढी मोठी प्रिंट कोण लावतं? कमी उजेडात फोटो कसा येईल, हे ठरवण्यात सेन्सरचं आकारमान आणि लेन्स यांचा वाटा मोठा.

त्यापेक्षा एका चार्जिंगमध्ये किती फोटो निघतात, हे विचारावं. हा आकडा 'सीपा' या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या ठरलेल्या चाचणीतून येतो. निकॉन डी८५० साठी तो १८४०, तर मिररलेस सोनी ए७ थ्रीसाठी स्क्रीन वापरून ७१०. म्हणजे मिररलेसची बॅटरी वाईट का? नाही. डीएसएलआरमध्ये आरशातून थेट दृश्य दिसतं. मिररलेसमध्ये फ्रेम जुळवतानाही सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात. शिवाय चाचणीत फोटो थांबून थांबून काढतात. धडाधड फोटो काढणाऱ्याला प्रत्यक्षात याच्या कितीतरी जास्त मिळतात, आणि व्हिडिओ काढणाऱ्याला हा आकडा लागूच पडत नाही. तेव्हा मिररलेस घेतलात तर दुसऱ्या बॅटरीचा खर्च त्याच बजेटमध्ये धरा.

ती दुसरी बॅटरी ओरिजिनलच हवी का? इतर कंपन्यांची प्रत्येक बॅटरी टाकाऊ असते असं नाही. काही चांगल्या चालतात. पण लेबल वाचा. ए७ थ्रीची मूळ बॅटरी २२८० एमएएचची आहे. त्याच मापाच्या स्वस्त बॅटरीवर ३५०० छापलेलं असेल, तर तो आकडा छापखान्यात वाढलेला आहे. कोणतीही बॅटरी फुगलेली दिसली, तर ती दाबून कॅमेऱ्यात बसवू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, आणि वरची सोनीची बॅटरी जेमतेम १६.४ वॉट-अवरची आहे. फक्त धातूची टोकं उघडी ठेवू नका: प्लॅस्टिकचं झाकण लावा किंवा टेप चिकटवा, आणि किल्ल्या-नाण्यांच्या कप्प्यात टाकू नका.