जीवशास्त्रीय संस्थेची प्रादेशिक शाखा आणि व्यावसायिक जीवशास्त्रज्ञांची स्वयंसेवा : स्वरूप, कार्यपद्धती व आव्हाने

प्रस्तावना :
जीवशास्त्रीय ज्ञानाची निर्मिती विद्यापीठे, प्रयोगशाळा व संशोधन नियतकालिके यांतून होत असली, तरी ते ज्ञान समाजापर्यंत पोहोचविण्याचे कार्य फार मोठ्या प्रमाणावर विज्ञानसंस्था करीत आल्या आहेत. अशा संस्थेचे मध्यवर्ती कार्यालय सहसा महानगरात असते. तेथे पगारी कर्मचारी, ग्रंथालय व संग्रह असतो. गावोगावच्या सभासदांशी व विद्यार्थ्यांशी तिचा प्रत्यक्ष संबंध मात्र शाखेमार्फत येतो आणि शाखेचा कारभार पाहणारी मंडळी बहुतेक वेळा मानद असतात. दिवसभर अध्यापन वा संशोधन करणाऱ्या व्यक्तीने उरलेल्या वेळात शाखेचे काम का व कसे करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी शाखेचे अस्तित्व त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या स्वयंसेवेची परंपरा, कार्यपद्धती व अडचणी यांचा पनवेल परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ निसर्गप्रेमी एकत्र आले व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. म्हणजे जीवशास्त्राचा व्यावसायिक अध्यापक या संस्थेच्या पायाभरणीपासूनच तिच्याशी निगडित होता. पहिले मानद कार्यवाह ई. एच. एटकेन हे जकात व मीठ खात्यातील अधिकारी होते. त्यांच्यानंतर १८८६ ते १९०६ अशी वीस वर्षे ही जबाबदारी एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने सांभाळली. संस्थेचे नियतकालिकही १८८६ मध्येच सुरू झाले.

फिप्सन यांच्यानंतर मानद कार्यवाह झालेल्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे १९०८ मध्ये एक शाळकरी मुलगा गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन चौकशीसाठी आला. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती पावलेले सालिम अली होत. मिलार्ड यांनी त्या मुलाला पक्षी ओळखून दिला, संस्थेचा संग्रह दाखविला व वाचावयास पुस्तके दिली. मानद पदाधिकाऱ्याने नवागतास दिलेल्या अशा वेळेची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही, परंतु शाखेच्या कार्याचे मर्म तेथेच आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा वाटाही मोठा आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतील फादर एच. सांतापाव यांनी अध्यापन सांभाळून सोसायटीच्या कार्यात व नियतकालिकात मोलाची भर घातली. ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मराठीतील विज्ञानप्रसाराच्या क्षेत्रात मराठी विज्ञान परिषदेचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे विभाग महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेरही कार्यरत आहेत. तेथेही प्राध्यापक, अभियंते, डॉक्टर अशा व्यावसायिकांच्या मानद सेवेवरच काम उभे राहिले. ब्रिटनमध्ये १९५० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ बायॉलॉजीचे विलीनीकरण होऊन २००९ मध्ये सोसायटी ऑफ बायॉलॉजी अस्तित्वात आली व २०१५ मध्ये तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. तिच्या प्रादेशिक शाखाही स्वयंसेवक जीवशास्त्रज्ञच चालवितात. संपन्न देशातील मोठ्या संस्थेसही शाखेसाठी स्वयंसेवेचाच आधार घ्यावा लागतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

शाखेची कार्यपद्धती :
शाखेचे काम साधारणतः चार भागांत विभागता येते : व्याख्याने व प्रात्यक्षिके, क्षेत्रभेटी, स्पर्धा व परीक्षा, आणि स्थानिक नोंदींचे जतन. एका व्याख्यानासाठी सभागृहाची परवानगी, वक्त्यांशी पत्रव्यवहार, निमंत्रणे, प्रवासखर्च, जमाखर्च व वृत्तांत एवढी कामे करावी लागतात. तासाभराच्या कार्यक्रमामागे कार्यवाहाचे दोन-तीन दिवस सहज खर्च होतात.

याशिवाय वैधानिक बाजू आहे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था स्थापण्यास किमान सात व्यक्ती लागतात. महाराष्ट्रात अशा धर्मादाय स्वरूपाच्या संस्थेस १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी करावी लागते. हिशेबतपासणी व विश्वस्त मंडळातील बदलाचा अहवाल नव्वद दिवसांत सादर करणे ही जबाबदारी त्यातून येते. शाखा स्वतंत्रपणे नोंदलेली नसल्यास तिचे हिशेब मध्यवर्ती संस्थेच्या हिशेबात समाविष्ट होतात. म्हणून शाखेच्या कोषाध्यक्षाने पावत्या वेळेवर पाठविल्या नाहीत, तर त्याचा त्रास संपूर्ण संस्थेस होतो. स्वयंसेवा म्हणजे सवडीने करावयाचे काम, हा समज येथे टिकत नाही.

व्यावसायिक जीवशास्त्रज्ञाची आवश्यकता :
हौशी अभ्यासकांचे योगदान मोलाचे असले तरी काही ठिकाणी प्रशिक्षित व्यक्तीवाचून चालत नाही. प्रजातीची अचूक ओळख, नमुन्यांची नोंद, तसेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये अभयारण्यातील प्रवेश व अभ्यासासाठी लागणारी परवानगी या बाबी जाणकारानेच हाताळाव्या लागतात. राष्ट्रीय पातळीवरील जीवशास्त्र प्रमाण परीक्षा महाविद्यालयांतील केंद्रांवर घेतली जाते आणि तेथेही अध्यापकांचाच सहभाग असतो. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत भरले. अशा उपक्रमांना प्रश्नरचना, प्रात्यक्षिकांची तयारी व मूल्यमापन यांसाठी अनुभवी अध्यापकांची फळी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्यानंतर क्षेत्रनिरीक्षणाचे शैक्षणिक मूल्य अधिकच वाढले आहे.

पनवेल परिसरातील शक्यता :
नवीन पनवेल व परिसरात अशा शाखेस अनुकूल मनुष्यबळ आहे. येथे विज्ञान महाविद्यालये आहेत. पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र आहे. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तळोजा व पाताळगंगा या औद्योगिक क्षेत्रांत रसायन व औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. अभ्यासविषयही हाताशी आहेत. १९६८ मध्ये घोषित झालेल्या कर्नाळा अभयारण्याचे क्षेत्र प्रारंभी ४.४८ चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटर झाले. खाडीकाठची खारफुटी, भातखाचरे व गाढी नदीचे पात्र ही अधिवासांची विविधता एका दिवसाच्या भेटीत पाहता येते.

दुसऱ्या बाजूस हा परिसर झपाट्याने बदलत आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. बदलापूर्वी येथे कोणत्या वनस्पती व पक्षी होते, याची सलग नोंद कोणीतरी ठेवलेली असावी लागते. पगारी प्रकल्पाची नोंद प्रकल्पाबरोबर थांबते. शाखेची नोंद वर्षानुवर्षे चालू राहू शकते. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी नेमावयाच्या समित्या व लोकजैवविविधता नोंदवही यांनाही अशा नोंदींचा आधार मिळू शकतो.

प्रमुख अडचणी :
पहिली अडचण वेळेची आहे. अध्यापकाच्या पदोन्नतीसाठी २०१० च्या विनियमांत गुणांकन पद्धती आली व २०१८ मध्ये तिचे स्वरूप बदलले. परंतु शाखेच्या कार्यवाहाने वर्षभर केलेल्या कामाचे मूल्य कोणत्याही गुणांकनात पुरेसे उतरत नाही. पद कागदावर नोंदविता येते, काम नोंदविता येत नाही. परिणामी पद स्वीकारणारे मिळतात, काम करणारे थोडे राहतात.

दुसरी अडचण उत्तराधिकाराची आहे. एकच उत्साही व्यक्ती दहा-पंधरा वर्षे शाखा चालविते आणि ती निवृत्त होताच सभासदांची यादी, नोंदवह्या व संपर्क तिच्यासोबत जातात.

तिसरी अडचण हितसंबंधांची आहे. पर्यावरणविषयक सल्ला देऊन मानधन घेणारा तज्ज्ञ त्याच प्रकल्पाविषयी शाखेच्या वतीने मत मांडू लागला, तर दोन्ही भूमिकांवरील विश्वास कमी होतो. तज्ज्ञास शाखेबाहेर ठेवणे हा यावरील उपाय नव्हे. त्याने आपला संबंध आधी जाहीर करणे व त्या ठरावात मतदान न करणे हा सुज्ञ मार्ग होय.

उपाययोजना :
१) पदाधिकाऱ्यांचा कार्यकाल निश्चित असावा व प्रत्येक कार्यवाहासोबत एक सहकार्यवाह असावा.
२) निरीक्षणांच्या नोंदी, सभासद यादी व हिशेब महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा मध्यवर्ती संस्थेत जमा करण्याची पद्धत असावी.
३) वर्षातून बारा कार्यक्रमांऐवजी चारच, परंतु नियमित व नोंदवलेले कार्यक्रम घ्यावेत.
४) महाविद्यालयांनी शाखेच्या कामासाठी कार्यभारात मर्यादित सवलत द्यावी व त्या बदल्यात लेखी अहवाल घ्यावा.
५) पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सुरुवातीपासून लहान जबाबदाऱ्या द्याव्यात.

समारोप :
फिप्सन व मिलार्ड यांच्या काळापासून आजपर्यंत जीवशास्त्रीय संस्था मानद सेवेवर चालत आल्या आहेत. ही सेवा केवळ व्यक्तीच्या उत्साहावर सोडल्यास ती व्यक्तीबरोबरच संपते. तिला नियम, नोंद व उत्तराधिकार यांची जोड मिळाली तर ती संस्थेची परंपरा बनते. व्यावसायिक जीवशास्त्रज्ञ शाखेस आपले विषयज्ञान देतोच, परंतु त्याहून अधिक गरजेची आहे ती त्याची नोंद ठेवण्याची शिस्त. पनवेलसारख्या वेगाने बदलणाऱ्या परिसरात ही शिस्त वेळीच रुजली नाही, तर बदलापूर्वीचे निसर्गचित्र पुन्हा उभे करण्यास पुढील पिढीच्या हाती काही साधन उरणार नाही.