जोडीदाराचा व्हिसा : लग्नाच्या कागदाची शंभर वर्षे

परदेशात राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचे असेल, तर तिथले सरकार मुळात दोनच गोष्टी विचारते. लग्न झाले आहे का, आणि झाले असेल तर ते खरे आहे का? आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मांडवात जेवून गेलेली तीनशे माणसे देतात. दुसरा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. व्हिसाच्या खिडकीवर मात्र त्या तीनशे माणसांचा उपयोग नसतो, तिथे कागद लागतो. तो कागद कुठून आला, त्याच्यावर इतका भरवसा का, आणि तो हातात असूनही माणसे का अडकतात, याचा मी गेली काही वर्षे माझ्या परीने शोध घेतो आहे.

मी वकील नाही आणि एजंटही नाही. वसई तालुक्यात कामणला राहतो. नोकरी कारखान्यातल्या स्टोअरची होती, त्यामुळे नोंदवह्या वाचण्याची सवय लागली. पुढे जुने कायदे, निकाल, गॅझेटे वाचण्याचा नाद जडला. आमच्या या पट्ट्यातली मुले-मुली आखातात, जहाजांवर, लंडनला, टोरांटोला, न्यू जर्सीला गेलेली आहेत. त्यांच्या घरची मंडळी ‘जरा हा फॉर्म बघता का’ म्हणून येतात. त्यातूनच हा विषय हाती आला.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करावी लागते. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप नावाचे तिथे राहणारे एक भारतीय मुस्लिम गृहस्थ होते. त्यांची पत्नी बाई मरियम हिला देशात प्रवेश नाकारला गेला होता. न्यायालयाने म्हटले, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न इथल्या कायद्याला लग्न म्हणून मान्य नाही. हसन इसप यांना दुसरी बायको होती की नाही, हा मुद्दाच नव्हता. धर्मात मुभा आहे, एवढे पुरे झाले. म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी अशा सगळ्या रीतींची लग्ने एका फटक्यात कागदावरून पुसली गेली. ज्या बायका वर्षानुवर्षे तिथे संसार करत होत्या त्या कायद्याच्या नजरेत कुणाच्याच बायका उरल्या नाहीत आणि त्यांच्या मुलांचा वारसाही धोक्यात आला.

गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्या या निकालानंतर. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा फिनिक्स आश्रमातल्या मंडळींबरोबर परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाल्या आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते आणि या लढ्यासाठी हिंदुस्थानात पैसा उभा करण्याचे काम त्यांच्याच शब्दावर झाले. गोखल्यांच्या या दौऱ्याबद्दल आपल्याकडे बोलताना तीन पौंडांच्या कराचा उल्लेख होतो, पण लग्नाच्या मान्यतेचा प्रश्न बाजूला राहतो. मला तो करापेक्षा मोठा वाटतो, कारण कर भरून माणूस मोकळा होतो. लग्न नाकारले तर भरायचे काय?

१९१४ च्या इंडियन रिलीफ ॲक्टने तोडगा काढला. एका पुरुषाची एक पत्नी आणि तिची अज्ञान मुले यांना प्रवेश मिळेल, भारतीय धर्मांच्या पुरोहितांना विवाह अधिकारी नेमता येईल आणि आधी झालेल्या लग्नांची नोंद करून घेता येईल. आज ज्याला आपण ‘स्पाउस व्हिसा’ म्हणतो त्याचा सांगाडा इथे दिसतो. एकच जोडीदार, अज्ञान मुले, अधिकृत पुरोहित आणि सरकारी नोंद.

कॅनडातही असेच घडले. १९०८ च्या ‘सलग प्रवासा’च्या नियमाने तिथे गेलेल्या पंजाबी पुरुषांच्या बायकामुलांची वाट बंद झाली आणि ती अधिकृतपणे उघडायला १९१९ उजाडले. अकरा वर्षे!

लग्न झाले आहे का, हा पहिला प्रश्न कायद्याने असा सुटला. तेव्हापासून ‘ते खरे आहे का’ हा दुसरा प्रश्न डोके वर काढू लागला आणि त्याचा सगळ्यात ओंगळ नमुना ब्रिटनमध्ये घडला. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका आपल्या नियोजित वराशी लग्न करायला उतरली. त्या काळच्या नियमानुसार तीन महिन्यांच्या आत लग्न करणार असलेल्या वाग्दत्त वधूला आधी व्हिसा काढावा लागत नसे. बायको म्हणून जाणाऱ्या स्त्रीला मात्र आधी परवानगीसाठी लांबलचक रांगेत थांबावे लागे. ही बाई आधीच विवाहित असून रांग चुकवते आहे, असा अधिकाऱ्याला संशय आला. म्हणून तिची कौमार्याची शारीरिक तपासणी करण्यात आली. ‘द गार्डियन’ने ही बातमी छापल्यावर भारतात आणि ब्रिटनमध्ये गदारोळ झाला आणि तो प्रकार थांबवण्यात आला. अशा तपासण्या भारतातल्या ब्रिटिश कार्यालयांतही झाल्याचे पुढे जुन्या सरकारी फायलींतून उघड झाले.

त्यानंतरही संशय गेला नाही, फक्त त्याचे रूप बदलले. ब्रिटनने ‘मुख्य हेतू’चा नियम आणला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. मनात नसलेली गोष्ट नाही म्हणून सिद्ध कशी करणार? भारतीय उपखंडातल्या ठरवून झालेल्या लग्नांना हा नियम फार जाचला. तो १९९७ साली रद्द झाला. त्याआधी १९८५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ, कबालेस आणि बाल्कंदाली या तीन स्त्रियांच्या खटल्यात निकाल दिला, की पुरुषाला बायको आणणे सोपे आणि स्त्रीला नवरा आणणे अवघड, हा लिंगभेद आहे. ब्रिटिश सरकारने यावर केले काय, तर पुरुषांसाठीही नियम तितकाच कडक केला. समानता अशीही येते.

आता आजचा हिशेब. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती. एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. जर्मनीने २००७ पासून येणाऱ्या जोडीदाराला अगदी प्राथमिक पातळीच्या जर्मनची परीक्षा बंधनकारक केली. काही प्रकारच्या कुशल नोकरदारांच्या जोडीदारांना त्यातून सूट आहे, म्हणून पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनात नाव घालण्याआधी नवऱ्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते विचारून घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत अट पगाराची आहे, महिना ४,००० दिरहम, किंवा कंपनीचे घर असेल तर ३,०००. अमेरिकेत नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदारासाठी आधी तिथल्या खात्याकडे अर्ज करतो, तो मंजूर झाल्यावर कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर मिळणारे ग्रीन कार्ड सशर्त असते, दोन वर्षांचे, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अट काढून घेण्याचा अर्ज करायचा असतो. हे ‘मिळून’ लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा येतो.

हे सगळे नियम त्या त्या देशाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात. माझ्या अनुभवात आपली माणसे त्या नियमांत कमी अडकतात. ती अडकतात इथल्याच कागदांत.

पहिली गाठ नावाची. मराठी नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. लग्नानंतर मुलीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहितो. म्हणजे तिन्ही पदर बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधार कार्डावर दुसरी, लग्नपत्रिकेत तिसरे लाडके नाव. आपल्याला ती एकच बाई आहे हे ठाऊक असते, व्हिसा अधिकाऱ्याला नसते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. परदेशी जायचे ठरले असेल तर माझा सल्ला सरळ असतो : पासपोर्टावरचे नाव तसेच ठेवा आणि विवाह प्रमाणपत्रावर अक्षर अन् अक्षर तेच लिहून घ्या. सासूबाईंना वाईट वाटत असेल तर घरात नव्या नावाने हाक मारावी. नाव बदलायचेच असेल तर ते राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या नावाने जे गॅझेट लोक ओळखतात ते हेच.

दुसरी गाठ नोंदणीची. महाराष्ट्रात १९५३ चा मुंबई विवाह नोंदणी कायदा होता, त्याच्या जागी १९९८ चा विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी कायदा आला. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार खटल्यात सर्व धर्मीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी असे राज्यांना बजावले. नोंदणीचे ज्ञापन लग्नानंतर ९० दिवसांत द्यायचे असते. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचे निबंधक ही नोंद करतात. लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही एवढे हाताशी असले की काम अवघड नाही. तरीही व्हिसाची वेळ येईपर्यंत कुणी तिकडे फिरकत नाही. पंधरा वर्षांनी त्या गुरुजींची सही कुठून आणायची? आमच्याकडच्या वारली घरांत जुन्या रीतीने लग्न लावते ती धवलेरी, गाण्यातून विधी करणारी बाई. फॉर्मवरचा ‘पुरोहित’ हा रकाना छापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती नव्हती, हे उघड आहे.

वसईच्या ख्रिस्ती घरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या लग्नाची नोंद चर्चच्या वहीत नीट असते आणि १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने तिला आधारही आहे. पण बाहेर पाठवताना चर्चचा दाखला आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन वस्तू आहेत हे लक्षात येत नाही. परदेशी कार्यालयाने सरकारी प्रत मागितली की धावपळ सुरू होते. जुन्या दाखल्यावर मुंबई धर्मप्रांत असतो, कारण वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. तसेच जिल्ह्याचे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधी जन्मलेल्या, लग्न झालेल्या प्रत्येकाच्या कागदावर जिल्हा ठाणे आहे आणि आजच्या पत्त्यावर पालघर. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि काही गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा जुनी नोंदवही कोणत्या कार्यालयात गेली हे आधी शोधावे लागते. यासाठी मी लोकांना जिल्हा विभाजनाच्या अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडायला सांगतो. अधिकाऱ्याने प्रश्न विचारण्याआधीच उत्तर फाइलीत असलेले बरे.

तिसरी गाठ शिक्क्याची. आपले प्रमाणपत्र परदेशात खरे मानले जावे म्हणून त्यावर आधी राज्य शासनाचा आणि मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. भारत १४ जुलै २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांना एक अपोस्टिल पुरते. कॅनडाही जानेवारी २०२४ पासून त्यात आला. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे आपले अपोस्टिल तिथे चालत नाही. त्यांची वकिलात स्वतःच्या पद्धतीने कागदाची पडताळणी करते आणि तिला महिने लागू शकतात. अमिराती करारातच नाही, तिथे वकिलातीचा वेगळा शिक्का आणि पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणखी एक. ‘सगळीकडे चालेल असा शिक्का मारून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर उठून यावे.

आता त्या ‘मिळून’ शब्दाकडे येतो. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या माणसाचा, आणि तो बहुधा बाईच असते, त्या देशात राहण्याचा हक्क दुसऱ्याच्या हक्कावर टेकलेला असतो. अमेरिकेतल्या एच-१बी नोकरदारांच्या बायका एच-४ व्हिसावर जातात. मे २०१५ पर्यंत त्यांना तिथे नोकरी करण्याची परवानगीच नव्हती आणि आजही ती ग्रीन कार्डाच्या रांगेत ठराविक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना मिळते. इंजिनियर, डॉक्टर मुली वर्षानुवर्षे घरी बसल्या. नवऱ्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम हलतो. नवरा बिघडला तर काय, हे लग्न ठरवताना कुणी विचारत नाही.

पण वाटा आहेत आणि त्या निघण्याआधी माहीत असाव्यात. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या छळामुळे संसार मोडला तर जोडीदाराच्या व्हिसावरची व्यक्ती स्वतःच्या नावाने कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते. अमेरिकेत सशर्त ग्रीन कार्डावरची बायको घटस्फोट झाल्यास किंवा छळ होत असल्यास नवऱ्याच्या सहीशिवाय अट काढण्याचा अर्ज करू शकते. छळ झालेल्या एच-४ धारकांना कामाच्या परवान्याचीही सोय आहे. आपल्याकडे अनिवासी भारतीयांच्या लग्नाची नोंदणी ३० दिवसांत सक्तीची करणारे आणि न केल्यास पासपोर्ट अडकवण्याची तरतूद असलेले विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत आले होते. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात याच विषयावर सर्वंकष कायदा करावा अशी शिफारस केली.

येणाऱ्या मुलींना मी एक पिशवी तयार करायला लावतो. विवाह प्रमाणपत्राच्या शिक्का असलेल्या दोन प्रती, एक माहेरी ठेवायची. स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ. नवऱ्याच्या पासपोर्टाची, व्हिसाची, नोकरीच्या पत्राची आणि तिकडच्या पत्त्याची नक्कल. स्वतःच्या पदव्यांच्या मूळ प्रती, त्याही अपोस्टिल करून, कारण तिथे गेल्यावर ते काम इथे दुसऱ्याकडून करून घेणे फार कटकटीचे. आपल्या वकिलातीचा फोन नंबर मोबाइलमध्ये नको, कागदावर हवा. मोबाइल हिसकावता येतो. परवा एका मुलीच्या वडिलांनी विचारले, ‘एवढा अविश्वास कशाला, जावई चांगला आहे.’ मी म्हटले, जावई चांगलाच आहे हो. जावयाचा नव्हे, सरकारचा कागद मागतोय. त्यांनी दोन प्रती काढल्या.