‘मी भूक आहे’

मळवलीला लोकलमधून उतरून लोहगडाची वाट धरणाऱ्यांच्या तोंडी पावसाळ्यात एक क्रियापद सारखं येतं: पडणं. पाऊस पडतो, धुकं पडतं, मधेच ऊन पडतं, परतताना अंधार पडतो. निसरड्या पायरीवर एखादा स्वतःही पडतो. हीच हवा स्पॅनिशमध्ये सांगायची झाली, तर कोशातून ‘पडणं’ शोधून काहीच हाती लागत नाही. तिथे ऊन नि थंडी पडत नाही, ‘करते’: आसे सोल, आसे फ्रीओ. कोण करतं, हे विचारायचं नाही. धुकं नुसतं असतं: आय निएब्ला. पावसाला मात्र स्वतःचं क्रियापद आहे, ‘युएवे’. एका शब्दात काम संपलं. लोणावळ्यातला जुलैचा पाऊस असेल, तर युएवे आ कांतारोस. कांतारो म्हणजे घागर. आपण मुसळ आणलं, त्यांनी घागरी ओतल्या.

लोणावळा, कामशेत किंवा तळेगावहून स्पॅनिश शिकायला निघालेला माणूस बहुधा शिवाजीनगरला उतरतो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. दिल्लीत 2009 पासून इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची संस्थाही आहे. पण पुस्तक कुठलंही घ्या, ॲप कुठलंही उघडा, शिकवणं बहुतेक इंग्रजीतून. घोळ सुरू होतो तो इथेच.

इंग्रजीत माणूस ‘भुकेला असतो’. त्यामुळे नवशिका मनात इंग्रजी वाक्य जुळवतो, त्यातलं ‘असणं’ उचलतो, पुढे कोशातला भुकेचा शब्द ठेवतो आणि ‘सोय आम्ब्रे’ म्हणून मोकळा होतो. अर्थ: मी भूक आहे. बरोबर वाक्य ‘तेंगो आम्ब्रे’, माझ्याजवळ भूक आहे. तहान, झोप, भीती, घाई, एवढंच काय, वयसुद्धा स्पॅनिश माणसाजवळ ‘असतं’: तेंगो वेइन्ते आन्योस, मला वीस वर्षं झाली. उकडतंय हे सांगताना तर जपावंच लागतं. ‘तेंगो कालोर’ ठीक. इंग्रजीवरून बेतून ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हटलं, तर ऐकणारा दचकतो. त्या वाक्याचा रोख उकाड्याकडे नसून शृंगाराकडे जातो.

मराठीतून विचार केला तर ही चूक होणं अवघड आहे. आपल्याला भूक लागते, थंडी वाजते, झोप येते, घाई असते. भूक ही आपल्याकडेही माणसाचं विशेषण नाही; ती वेगळी वस्तू आहे, बाहेरून येऊन लागणारी. फक्त आपण दरवेळी क्रियापद बदलतो, स्पॅनिश एका ‘तेनेर’वर भागवते. त्याबद्दल त्या ‘तेनेर’ची रूपं मात्र घोकावी लागतात: तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस. ‘जेवावंसं वाटतं’ याला तेंगो गानास दे कोमेर. इथेही जेवण्याची इच्छा माझ्याजवळ आहे, एवढंच.

खरी गंमत आवडीनिवडीत. इंग्रजीतून येणाऱ्याला ‘मे गुस्ता’ समजावताना पुस्तकं पानंच्या पानं खर्ची घालतात: कर्ता माणूस नसून वस्तू आहे, माणूस नुसता ‘मला’. मावळातल्या शाळकरी पोरालाही हे व्याकरण येतं. मला चिक्की आवडते, मे गुस्ता ला चिक्की. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आंबे अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी. ‘मी’ला तिथे कोणी विचारत नाही. गड उतरल्यावर पाय दुखतात, त्यांचंही तेच: मे दुएलेन लोस पिएस. पेला फुटला की आपण ‘माझ्या हातून पडला’ म्हणून अर्धा दोष हाताच्या माथी मारतो. स्पॅनिश माणूसही तितकाच चतुर आहे. ‘से मे कायो एल बासो’ म्हणजे पेला पडला, आणि मी आपला तिथे होतो.

क्रियापदांच्या पुढे वाक्प्रचार लागले की शेजार आणखी वाढतो. तोमार एल पेलो, शब्दशः केस घेणं, म्हणजे थट्टेथट्टेत बनवणं. आपण शेंडी लावतो. दार कालाबासास, भोपळे देणं, म्हणजे लग्नाची मागणी धुडकावणं किंवा परीक्षेत नापास करणं. नापासाला भोपळा आपल्याकडेही मिळतो, नकोशा माणसाला मात्र आपण नारळ देतो. जिभेच्या बाबतीत सांभाळून. नो तेनेर पेलोस एन ला लेंगुआ, ज्याच्या जिभेवर केस नाहीत तो, म्हणजे भीडभाड न ठेवता बोलणारा. हे बऱ्याचदा कौतुकानं म्हटलं जातं. त्याच्या जागी ‘जिभेला हाड नाही’ ठेवलं, तर भल्या माणसाची नालस्ती होईल.

आणि एक क्रियापद तर पोर्तुगीजांनी आधीच देऊन ठेवलंय. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. त्यावरून आपला पगार. स्पॅनिशमध्येही शब्द तोच. ‘पागार एल पातो’ म्हणजे बदकाचे पैसे भरणं, दुसऱ्यानं केलेलं आपण निस्तरणं. तळेगावच्या एमआयडीसीत महिनाअखेरीची वाट पाहणाऱ्याला यातला पहिला शब्द पाठ करायची गरज नाही. बदक तेवढं लक्षात ठेवायचं.